निरगाठ

मावशींनी दोऱ्याचं टोक डोळ्यांजवळ नेलं, चष्मा कपाळावर सारला आणि कात्री उचलली.

"गाठ मारलीस."

"सवय आहे हो, मावशी. बोटं ऐकत नाहीत."

"जित्याची खोड," मावशी म्हणाल्या आणि म्हण तिथेच सोडून दिली. टेबलाशी बसलेल्या नर्सबाई आणि मास्तरीणबाई खुदकन हसल्या. त्या खोलीत शिवले जायचे ते फक्त मेलेल्यांचे कपडे. तिथे ती म्हण पुरी करायची गरजच नव्हती.

गाठ कापली गेली. मावशींनी दोरा परत ओवून दिला. ऐंशीच्या पुढचं वय, पण सुईच्या नाकात दोरा पहिल्या झटक्यात. कफनाला गाठ चालत नाही, ही त्या प्रार्थनाघराची जुनी रीत. सुरुवातीला जागच्या जागी दोन उलटे टाके घालायचे, मग लांब लांब धावदोरा, आणि शेवटी दोरा तसाच मोकळा सोडायचा. काठ दुमडायचे नाहीत. कमरेच्या पट्टीलाही गाठ नाही, नुसते पीळ देऊन फास खोचायचे. जाणाऱ्याला कशातच अडकवून ठेवायचं नसतं.

"आणि लक्षात ठेव," मावशी म्हणाल्या, "पुन्हा गाठ मारलीस तर गाठ माझ्याशी आहे."

खिसेवाली हसली. हे नाव तिला मावशींनीच दिलेलं. सव्वा वर्षापूर्वी, पहिल्या मंगळवारी त्यांनी विचारलं होतं, "कारखान्यात काय शिवायचीस?" ती म्हणाली, "खिसे." कुणी कॉलर शिवायचं, कुणी बाह्या लावायचं, तिच्या वाट्याला शर्टाचा खिसा. तीस वर्षं, दिवसाला चारशे. मावशींनी टेबलावर हात मारला होता. "अगं बाई, म्हणजे तू पत्ता चुकलीस! कफनाला कुठे खिसा असतो?" तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी तेच नाव झालं. तिलाही ते आवडलं. कारखान्यात ती तीस वर्षं नुसता नंबर होती.

कारखाना बंद पडला आणि ती घरी बसली. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी एकदा जिन्यात थांबवून विचारलं, "हाताने शिवता येतं का हो? आमच्या ज्यू मंडळींचं एक काम आहे. शिवणाऱ्या उरल्या नाहीत." त्यांना वाटलं, बिचारी एकटी आहे, मन रमेल. ती हो म्हणाली. नर्सबाईंना काय ठाऊक, की ते प्रार्थनाघर तिने आधी पाहिलेलं होतं, बाहेरून.

त्याला आता नऊ वर्षं झाली होती. आई हॉस्पिटलात शेवटच्या घटका मोजत होती. आयुष्यभर जिने आपल्या माहेराबद्दल अवाक्षर काढलं नाही, ती त्या संध्याकाळी म्हणाली, "मी गेले की माझ्या माणसांना सांग. ते मला धुतील, नीट कपडे घालतील." मग पत्ता सांगितला. "तिथे एक शिवणारी आहे. माझी मैत्रीण. तिला नुसतं माझं नाव सांग, ती धावत येईल."

आई पहाटे गेली. उजाडताच लेक त्या पत्त्यावर पोचली. जाड लाकडी दार, त्यात हाताएवढी जाळीची खिडकी. घंटा वाजवल्यावर खिडकीआड कुणीतरी येऊन उभं राहिलं. चेहरा दिसत नव्हता. तिने आईचं नाव सांगितलं, गेली म्हणून सांगितलं. आत बराच वेळ काहीच नाही. मग बाईचा आवाज आला.

"ती आमची नाही."

आणि झडप बंद झाली. तिने परत घंटा वाजवली. तिसऱ्यांदा वाजवली. मग परत गेली. आईचं ना न्हाणं झालं ना कपडे. हॉस्पिटलच्या झग्यातच तिला गाडीत घातलं. झग्याला मागे तीन ठिकाणी नाड्या होत्या, आणि तिन्हींना कुणीतरी करकचून निरगाठी मारल्या होत्या. गाडीत आईच्या शेजारी बसून लेकीने त्या गाठी पाहिल्या. पाठीत रुतल्या असतील, सोडवाव्यात, असं मनात आलंही. पण गाडीवाला घाई करत होता, तिची बोटं बधिर झाली होती, आणि ते राहून गेलं. इतकी वर्षं दोऱ्यात घातलेले हात, आणि आईच्या तीन गाठी सोडवल्या नाहीत.

तेव्हा तिने मनाशी खूणगाठ बांधली होती. तो आवाज कुणाचा ते कधीतरी शोधायचं आणि त्या बाईच्या तोंडावर म्हणायचं, ती माझी आई होती.

शोधायला फार वेळ लागला नाही. पहिल्याच मंगळवारी कापडवाला तागा घेऊन आला होता. मावशींनी कापड चिमटीत धरलं, उजेडात नेलं, आणि परत त्याच्या हातात दिलं. "हे आमचं नाही," त्या म्हणाल्या. खिसेवालीच्या हातातली सुई थेट बोटात गेली. मावशींनीच उठून तिला चिंधी बांधली. "हळू गं," म्हणाल्या. "अजून खूप शिवायचंय."

तिने त्याच दिवशी बोलायला हवं होतं. पण त्या दिवशी बोटातून रक्त येत होतं, आणि चिंधी बांधणारा हात ऊबदार होता. म्हटलं, पुढच्या मंगळवारी. पुढच्या मंगळवारी तिच्यासाठी खुंटीवर वेगळा ॲप्रन टांगलेला होता. त्याच्या पुढच्या खेपेला मास्तरीणबाईंनी तिला कपड्यांची नावं पाठ करायला लावली, लहान मुलांसारखी. विजार, सदरा, टोपरं, पट्टा, चादर. एकदा तापाने पडली तर नर्सबाई आणि मास्तरीणबाई दोघी जेवण घेऊन आल्या आणि तिच्या पलंगाशी बसून आपसात भांडत राहिल्या. नवरा गेल्यापासून त्या घरात इतका आवाज झाला नव्हता. मेलं, राग धरायला आलेली बाई ती, आणि राग धरायला सवडच मिळेना. रात्री आडवी झाली की मात्र आठवायचं, तीन गाठी.

आणि दुसरीही एक गोष्ट होती. शिवायला कुणीही चाले, पण मयत बाईला धुवायला मंडळींतलीच बाई लागे. कुणी गेलं की तिघी आतल्या खोलीत जायच्या, दार लोटायच्या, आणि खिसेवाली बाहेर घड्या घालत बसायची. आतून पाण्याचा आवाज यायचा. पाण्याची धार मध्ये तुटू द्यायची नसते, पहिली बादली संपायच्या आत दुसरी सुरू करायची. त्यासाठी खरं तर चौघी हव्यात. तिघींची दमछाक व्हायची, मावशींना तर आता भरली बादली उचलवत नव्हती. "चौथी असती तर," नर्सबाई दर वेळी बाहेर येऊन म्हणायच्या.

चौथी तिथेच बसलेली होती. आई ज्यू तर लेक ज्यू, मग बाप कुणी का असेना, हे मास्तरीणबाईंनीच तिला कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं. एक वाक्य बोलली असती तर आतलं दार उघडलं असतं. पण ते वाक्य मावशींसमोर बोलावं लागणार होतं, आणि एकदा बोललं की या टेबलाशी बसता येईल की नाही, कोण जाणे. म्हणून ती मूग गिळून बसली. इतक्या वर्षांनी मिळालेली माणसं, ती एका वाक्यापायी घालवायची तिची हिंमत होईना.

एका मंगळवारी दोघीच होत्या. बोटांनी परत गाठ मारली. मावशींनी कात्री न उचलता विचारलं, "गाठीचं एवढं काय आहे तुझं? मारतेस, आणि मारली की अशी बघत बसतेस."

तिला काय झालं कोण जाणे. मान खाली घालूनच ती म्हणाली, "एका बाईला जाताना पाहिलं होतं. हॉस्पिटलच्या झग्यात. मागे तीन गाठी होत्या. निरगाठी. कुणी सोडल्या नाहीत."

"कोण बाई?"

"होती एक."

"किती वर्षं झाली?"

"नऊ होतील."

मावशींनी सुई कापडात टोचून ठेवली. त्यांच्या उजव्या हाताला खिडकीखाली एक स्टूल असायचं. त्यावर कुणी बसत नसे. सामान ठेवलं तरी मावशी उचलायला लावायच्या. त्यांनी त्या स्टुलावर हात फिरवून धूळ पुसली.

"इथे येऊन बस," त्या म्हणाल्या. "उजेड बरा आहे."

त्या दिवसापासून ती तिथे बसू लागली. नर्सबाईंनी डोळे मोठे केले. "पंचावन्न वर्षांत या स्टुलावर कुणाला बसू दिलं नाही हो म्हातारीने! पूर्वी तिची एक मैत्रीण बसायची म्हणे. दोघी पाठच्या बहिणींसारख्या. ती एक दिवस कुणा बाहेरच्याबरोबर निघून गेली. हिला एका शब्दाने सांगितलं नाही. तेव्हापासून तिचं नाव काढायची सोय नाही. सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही."

खिसेवालीने चादर घडी केली, परत उलगडली, परत घडी केली.

पावसाळा सरता सरता मावशी पडल्या आणि हॉस्पिटलात गेल्या. परत यायच्या नाहीत हे सगळ्यांनाच कळत होतं. खिसेवाली मनाचा हिय्या करून गेली. वाटेत वाक्य दहा वेळा म्हणून पाहिलं. मावशी उशीला टेकून बसल्या होत्या, हॉस्पिटलचा निळा झगा खांद्यावरून घसरलेला. तिने संत्रं सोललं. फोडींवरच्या शिरा काढल्या. मावशींनी एकच फोड खाल्ली.

"बोलायचंय ना काही?"

"नाही, काही नाही. दोरा संपलाय तेवढा, म्हटलं कुठून आणायचा ते विचारावं."

मावशी तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांचे ओठ हलले, मग थांबले. असं दोनदा झालं.

"दोरा संपायच्या आधी सांगावं गं," शेवटी त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यांचे खांदे हलत होते. तिने सालं गोळा केली, पुडीत बांधली आणि निघून आली. जिन्यात आल्यावर तिला स्वतःची शिसारी आली.

दोन दिवसांनी सकाळी नर्सबाईंचा फोन आला. "मावशी गेल्या. ये लगेच. आणि ऐक, तुला आत यायचंय."

"आत म्हणजे?"

"धुवायला. त्यांनीच सांगून ठेवलंय. म्हणाल्या, खिसेवाली आपलीच आहे. कशी ते तिला विचारू नका."

आतली खोली तिने पहिल्यांदा पाहिली. पांढऱ्या फरशा, मध्ये उतरतं टेबल, भिंतीशी ओळीने बादल्या. टेबलावर मावशी चादरीखाली, एवढ्याशा. मास्तरीणबाई प्रार्थनेचं पुस्तक घेऊन उभ्या होत्या. नर्सबाईंनी हातात हातमोजे घेतले, पण घातले नाहीत.

"आधी एक निरोप सांगायचाय," त्या म्हणाल्या. "मला काही कळला नाही, पण शब्द दिलाय. काल रात्री मला झग्याच्या नाड्या बांधायला लावल्या. मी सुरगाठ मारली तर ओरडल्या माझ्यावर. निरगाठ मार म्हणाल्या. तीन. करकचून. आणि म्हणाल्या, या गाठी कुणी सोडायच्या नाहीत. खिसेवालीने सांगितलं तरच सोडायच्या. ती नाही म्हणाली तर मला अशीच न्यायचं. पाणी नको, कफन नको."

"काहीतरीच!" मास्तरीणबाई म्हणाल्या. "साठ वर्षं जिने दुसऱ्यांना धुतलं, तिला झग्यात पाठवायचं? डोकं फिरलं होतं का म्हातारीचं?"

नर्सबाईंनी चादर बाजूला केली आणि मावशींना अलगद कुशीवर वळवलं. मानेशी एक, पाठीत एक, कमरेशी एक.

म्हणजे मावशींना ठाऊक होतं. स्टुलाच्या दिवसापासून ठाऊक होतं, त्याआधीही असेल. दोघी एका टेबलाशी, एकाच कापडाच्या दोन टोकांशी बसून शिवत होत्या, आणि दोघींना ठाऊक होतं.

खिसेवालीच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते हेच की बरं झालं. भोग आता. तुला कळू दे माझ्या आईला काय झालं असेल ते. नऊ वर्षं जे ती म्हणणार होती ते सगळं एकदम घशाशी आलं, आणि ऐकायला समोर कुणी नव्हतं. म्हातारीने हिशोब बरोबर केला होता. बोलायचं धाडस झालं नाही, म्हणून पाठ पुढे केली होती.

"काय करायचं?" नर्सबाईंनी विचारलं.

ती कोपऱ्यातल्या नळाशी गेली. नळ सोडला आणि हात धूत उभी राहिली. खूप वेळ. मागे दोघी काही न बोलता थांबल्या होत्या. तिने 'नाही' म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं, हे तिला त्यांच्या गप्प राहण्यावरून कळलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिच्या शब्दावर इतकं थांबलं होतं. ते तिला असह्य झालं. आईने या बाईबद्दल म्हटलेलं आठवलं, ती धावत येईल.

तिने हात पुसले आणि टेबलाशी आली. नर्सबाईंनी कात्री पुढे केली.

"कात्री नको," ती म्हणाली. "कापायच्या नाहीत. सोडवायच्या."

मानेची गाठ लवकर सुटली. पाठीतली सुटेना. नाडी घामाने ओली होऊन आवळली होती. तिने नख घातलं, नख मोडलं, दुसऱ्या बोटाचं घातलं. मास्तरीणबाईंनी दिवा जवळ आणला. कमरेची गाठ सोडवायला तर किती वेळ गेला कोण जाणे. त्या खोलीत रडायचं नसतं, कामापुरतंच बोलायचं असतं. ती रडली नाही. नाक मात्र दोनदा बाहीला पुसावं लागलं. नाड्या सुटल्या तेव्हा मावशींच्या पाठीवर तीन लालसर खुणा होत्या. तिने प्रत्येक खुणेवर अंगठा ठेवून हळूच चोळलं. त्या गेल्या नाहीत.

मग पाणी. चौघींचं काम तिघींनीच केलं, चौथी टेबलावर होती. धार तुटली नाही. अंग टिपलं, केस विंचरले, टोपरं, सदरा, विजार घातली. सदरा तिनेच शिवलेला होता, मावशींच्या शेजारी, त्या स्टुलावर बसून. पट्ट्याला पीळ देऊन फास खोचताना बोटांनी जुन्या सवयीने टोक खालून घेतलं, आणि तिथेच थांबली.

शेवटी माफी मागायची असते. जाणारीचं नाव घ्यायचं, मग 'अमुकची लेक' म्हणून तिच्या आईचं नाव घ्यायचं, आणि सगळ्यांच्या वतीने एकीने बोलायचं. आजवर ते मावशी बोलायच्या. मास्तरीणबाईंनी चष्म्यातून खिसेवालीकडे पाहिलं आणि तिच्या हातात चिठ्ठी दिली. दोन नावं, ठळक अक्षरात.

ती टेबलाच्या पायथ्याशी उभी राहिली. मावशींचं नाव तिने नीट घेतलं. चिठ्ठीवरचं दुसरं नाव तिला स्पष्ट दिसत होतं. पण 'लेक'च्या आधी तोंडातून जे निघालं ते आपल्याच आईचं नाव.

खोलीत नळ ठिबकत होता. एका अक्षरासाठी माणसाला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावणाऱ्या मास्तरीणबाई. त्यांनी तोंड उघडलं. ते नाव, म्हातारीच्या मैत्रिणीचं, नर्सबाईंनी ओळखलं होतं. त्यांनी टेबलाची कड धरली.

"चुकलं," खिसेवाली म्हणाली. "परत म्हणते."

"नको," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला. "पुढचं म्हण."

पुढचं थोडंच होतं. आमच्या हातून काही चुकलं असेल तर माफ कर, जे केलं ते तुझा मान राखायला केलं. रीतीप्रमाणे ते एकदाच म्हणायचं असतं. तिने दोनदा म्हटलं.